रकाना सातवा

शिरपूरच्या तहसील कचेरीसमोर
माझं टेबल लिंबाखाली, सावली सरकेल तसं सरकणारं.
दाखले, प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी.
अकरा वर्षांत इतक्या बायका टाइप केल्या मी
अमक्याची पत्नी, तमक्याची विधवा,
की सगळ्यात आधी 'च'ची कळ झिजली.

मंगळवारी कोकिळा आली, थाळनेरकडची.
पिशवीत रेशनकार्ड, दोन फोटो
आणि नवऱ्यानं इटलीहून धाडलेला चार पानी फॉर्म.
तो तिकडे म्हशींच्या गोठ्यात कामाला.
"तठेबी म्हशीच शेतस," ती म्हणाली,
जणू एवढं लांब जाऊन त्यानं नवीन काहीच केलं नाही.

सातव्या रकान्यावर एक शब्द: कोन्युजे.
"हाऊ कोन शे?"
मोबाइलला विचारलं. म्हणाला, नवरा.
खाली सरकवलं. म्हणाला, बायको.
तिच्या कागदावर तो कोन्युजे,
त्याच्या कागदावर ती.
"दोन्हीसले एकच नाव?"
तिनं पदर तोंडाशी नेला, पण हसली नाही.

पुढे 'इल' लावलं की नवरा, 'ला' लावलं की बायको;
रकान्याला दोन्हींशी देणंघेणं नाही.
अनेकवचन कोन्युजी, पत्रिकेतल्या 'उभयतां'सारखं,
दोघांना एका आडनावाच्या खुंटीला टांगणारं.
घरात मात्र या शब्दानं कुणी कुणाला बोलावत नाही.
कोर्टात, बँकेत, दवाखान्याच्या खिडकीशी काढायचा,
काम झालं की परत कपाटात.

रात्री झोप येईना म्हणून शब्द उसवला.
'कोन्' म्हणजे सोबत.
उरलेला तुकडा पाहून मी उठून बसलो.
जू.
आपलं, बैलांच्या मानेवरचं;
लांबच्या भावकीतलं, पण तेच रक्त.

वडील सुतार होते माझे.
जू तासताना आधी गिऱ्हाइकाला विचारायचे,
जोडीतला कोणता बैल नरम?
मग मधली खाच बरोबर मध्ये पाडत नसत;
एक बोटभर तगड्या बैलाकडे सरकवत,
की नरम्याच्या वाट्याला लांब बाजू, हलकं ओझं.
लोक म्हणत, सुताराचा हात चुकला.
ते शिवळा ठोकत राहत.

आईचं नि त्यांचं मात्र रोज सकाळी जुंपायचं.
भाकरीवरून, बिडीवरून, कशावरूनही.
जुंपली म्हणजे भांडण लागलं,
जुंपली म्हणजे गाडी निघाली.
आम्ही पोरं अंथरुणातून ऐकून ओळखायचो
आज यातलं कोणतं.

बुधवारी हे सगळं कोकिळाला सांगितलं.
सांगायला नको होतं कदाचित.
ती बराच वेळ कचेरीच्या जिन्याकडे बघत राहिली.
"सहा वरीसथून," म्हणाली,
"एक टोक भुईले घसटी ऱ्हायनं."

नवऱ्याचं नाव विचारलं.
ते ती तोंडानं घेत नाही.
रेशनकार्डावर बोट ठेवलं,
नखात कापसाच्या बोंडाचा डाग.
मी टाइप केलं: भटू निंबा सैंदाणे,
एका चौकोनात एक अक्षर, इटलीच्या लिपीत.
शेवटी पाच चौकोन उरले.
"ह्या कोनासाठे?"
रिकामेच सोडायचे असतात, मी म्हणालो.

जाताना तिनं शब्द पुन्हा विचारून घेतला.
कोन्युजे. कोन्युजे.
लिंबाच्या पारावर टेकून फोन लावला,
आवाज मोठा ठेवून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असा:
"ओ कोन्युजे, जेवनात का?"

पलीकडून
आधी एक म्हैस ओरडली.